पेटी जिथं गप्प बसायची

आमच्या ग्रुपवर एके सकाळी कुणीतरी एका सॉफ्टवेअरला हार घातला होता.

म्हणजे त्याच्या चिन्हाला. कांद्याच्या सालीच्या रंगाचा तो गोल, भोवती झेंडूचा हार, खाली तेवती समई आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. चौकातल्या फ्लेक्सवर असतं तसंच सगळं. ज्यानं केलं तो पाथरीचा, त्याचं फ्लेक्सचंच दुकान आहे, त्यामुळे हार अगदी मापात बसला होता. मी आधी हसलो. मग डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं हे मला कळेना. चहा गार झाला तरी कळलं नाही. अजूनही पुरतं कळलंय असं नाही. म्हणून तर लिहायला बसलोय.

गाणी रेकॉर्ड करायचं, एकावर एक आवाज बसवायचं, पुसायचं, सावरायचं ते सॉफ्टवेअर. आमच्या जिल्ह्यात ज्यानं ज्यानं एखाद्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून दारावर 'स्टुडिओ' लिहिलं, त्या प्रत्येकानं वीसेक वर्षं त्याच्यावरच हात चालवला. ते बनवणारी कंपनी कुठल्या मुलखातली, कोण माणसं, आम्हाला कधी ठाऊक नव्हतं. तिनं आता कळवलं होतं की हे बंद. नवं येणार नाही, आणि जुनंही एका ठरलेल्या दिवसानंतर उघडणार नाही. कारण उघडण्याआधी ते दर वेळी इंटरनेटवरून कंपनीला विचारतं, उघडू का? त्या दिवसानंतर तिकडून हो म्हणणारं कुणी असणार नव्हतं. हातात तीन आठवडे होते.

दिवसभर ग्रुपवर चाललं होतं. "तेरावं कधी ठेवायलेत?" "आधी दहावा तर होऊ द्या." "कावळा शिवत नसतो बघा. सगळ्यांच्या इच्छा राहिल्यात." असं हसता हसता मधेच एखादा लिहायचा, "माझ्या वडिलांचा आवाज हाय त्यात."

दुपारी सेलूहून रफीकभाईंचा फोन. उरुसातल्या कव्वाल्या रेकॉर्ड करण्यात त्यांची उमर गेली.

"सुने क्या? अपनी वाली गई."

"वाचलं."

"मेरे को समजताच नै यार. घर की भैंस मरी तो चूल्हा नै जलता एक दिन. इसका क्या करना? रोना के नै रोना?"

"तुमी आवाज काढून घेतले का सगळे?"

"निकाल रा हूँ. एक एक खोलना, एक एक निकालना. तुम भी लगो."

"लागतो."

"लागतो बोल के बैठते तुम. मेरे को मालूम."

त्यांना मी माहीत आहे, पण सगळा नाही. त्या सॉफ्टवेअरची एक खोड होती. त्यात भरलेले आवाज ते आपल्याच गाठोड्यात बांधून ठेवायचं, आणि ती गाठ दुसऱ्या कशानंही सुटायची नाही. मला पुष्कळ गाठोडी सोडवायची होती. खरं सांगायचं तर एकच. बाकीची असली काय, नसली काय.

*

मोंढ्याच्या रस्त्यावर जिनिंगचं गोदाम आहे, त्याच्या डोक्यावर माझी खोली. सहा वर्षं कुलूप. आता मी फोनवरच रिक्षाच्या जाहिराती भरून देतो, लग्नकार्याला स्पीकर लावतो; खोलीचं काम उरलं नाही. मानवतला राहून मी त्या जिन्याखालून रोज जायचो आणि वर बघायचो नाही.

कुलपाला रॉकेल लावावं लागलं. दार उघडल्याबरोबर वास आला. सरकीचा, तेलकट, गोडसर, थोडा कुबट. भिंतींवरच्या गाद्यांत तो मुरून बसला होता. त्याच्यात मिसळलेला उदबत्तीचा, कारण प्रत्येक मंडळ यायचं ते आधी मायक्रोफोनला उदबत्ती ओवाळायचं. कात-चुन्याचा. अन् दाराला लावलेल्या ओल्या गोणपाटाचा. आता ते गोणपाट वाळून पापडासारखं झालंय, तरी त्याचा ओला वास मला आला. कसा आला, ते सांगता येत नाही.

कापूस यायला लागला की जिनिंग दिवसभर घुमायची. जमीन थरथरायची, पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठायची. तसल्यात रेकॉर्डिंग कसलं करता? पण दुपारी एकला भोंगा व्हायचा आणि कामगार जेवायला सुटायचे. मग तास-दीड तास अशी शांतता पडायची की आपल्याच कानांत काहीतरी वाजतंय असं वाटायचं. तेवढ्यात सगळं उरकायचं. आमच्याकडच्या देवादिकांची गाणी, मग ती पहाटेची भूपाळी असो की शेजारती, सगळी दुपारी एक ते अडीचच्या मधे म्हटलेली आहेत. ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसतं. पंखा बंद, गोणपाटावर पाणी मारलेलं, घामानं टोप्या भिजलेल्या. मंडळाला मी आधीच निरोप द्यायचो, जेवून येऊ नका, मधेच ढेकर येतो. तरी एखादे महाराज जेवून यायचेच. त्यांचा ढेकर मी काढून टाकायचो. पत्र्यावरची कबुतरं काढून टाकायचो. लांबून एसटीचा भोंपू आला तर तो काढायचो. पावसाळ्यात पत्रा ताशासारखा वाजायचा, तेव्हा काम बंद, नुसतं खिडकीत बसून राहायचं. श्रावणात मात्र एकामागून एक भजनी मंडळं, पायऱ्यांवर चपलांचा ढीग आणि शेजारी बेलाच्या पानांचा.

कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला नाही. धूळ झटकली, वायर हलवली, हात जोडले. मग घरघरला. फोनवरून इंटरनेट दिलं. तो कांद्याच्या सालीचा गोल आला, खाली बारीक पट्टी हळूहळू भरत गेली. उघडू का? विचारत होतं. तिकडून अजून कुणीतरी हो म्हणालं.

यादी आली. गावांची नावं मीच कधीतरी टाकलेली. सगळ्यात खाली मी मुद्दाम ढकललेलं, 'बोरी – अक्का'.

मी ते उघडलं नाही. पंधरा दिवस दुसरीच उघडत बसलो.

*

आता सांगून टाकतो.

बोरीच्या विश्वनाथअप्पांचं किराणा दुकान. शंकराचं घराणं, गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. दर सोमवारी त्यांच्याकडे भजन व्हायचं. अप्पा पेटीवर आणि त्यांची बायको, काशीअक्का, पुढं म्हणायची. बायकांनी पुढं म्हणणं तेव्हा आमच्याकडे फारसं नव्हतं, पण बोरीत अक्कांना कुणी काही म्हणायची हिंमत नव्हती. अप्पांचीसुद्धा नव्हती. "आमच्या घरात दोनच आवाज," ते म्हणायचे, "एक हिचा, एक पेटीचा. मी फक्त भाता मारतो."

त्यांची लेक मानवतला दिलेली. तिच्याकडे आले असताना जावयानं त्यांना माझ्याकडे आणलं. पंधराएक वर्षं झाली. जत्रेत वाटायला सीडी करायची होती. अक्का हिरव्या काठाचं इरकल नेसून आलेल्या, डोक्यावर पदर, हातात तांब्या. मायक्रोफोनकडे बघून म्हणाल्या, "ह्याच्यात तोंड घालू का लांबून म्हनू?"

"लांबूनच, अक्का."

"बरं झालं. नवऱ्याच्या कानात बी मी कवा एवढ्या जवळून बोलले न्हाई."

अप्पा पेटीमागं लाजून हसले.

पाच पदं झाली. सहावं त्यांच्या घरातलं होतं. त्यांच्यात माणूस गेला की त्याला बसवतात, विभूती लावतात, बेल-फुलं वाहतात, आणि उचलायच्या आधी घरातलं कुणीतरी हे पद म्हणतं. अक्कांच्या आईचं माहेर चारठाण्याचं. तिथल्या जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून ती हे शिकली आणि तिच्याकडून अक्का. 'आल्या पावली घे रे शिवा, उघड तुझं दार.' एवढंच. तेच परत परत.

त्या 'दार'वर एक जागा होती. तिथं अक्कांचा सूर ज्या पट्टीवर जायला पाहिजे तिथं जायचाच नाही. दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी लटकायचा, दार अर्धवट उघडून कुणी उंबऱ्यावर थांबावं तसा. पेटीवर तो सूर नाही. म्हणून अप्पा तिथं बोटं उचलायचे. पेटी गप्प. अक्का एकट्या. मग त्या खाली उतरल्या की अप्पांची बोटं परत खाली.

मी काचेपलीकडून ते बघितलं होतं. हात उचललेला, हवेत थांबलेला, आणि अप्पांचे डोळे मिटलेले. बघितलं होतं, हे मला लिहून ठेवायचंय. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पुढच्या आठवड्यात मी काम करायला बसलो. त्या सॉफ्टवेअरमध्ये गाणाऱ्याचा सूर रेघेसारखा दिसायचा, नागमोडी, आणि डाव्या अंगाला पेटीच्या पट्ट्या काढलेल्या असायच्या. रेघ पट्टीवर नसली की माउसनं धरून पट्टीवर बसवायची. माझं नाव त्याच्यावरच होतं. "मानवतच्या स्टुडिओत बेसूर माणूस बी सुरात येतो," लोक म्हणायचे. मी सगळ्यांनाच सरळ करायचो. किती बुवांना, किती मास्तरांना. हात बसला होता, कपड्याला इस्त्री करतो तसा.

अक्कांचं 'दार' धरलं आणि वरच्या पट्टीवर बसवलं. नऊ वेळा यायचं, नऊही वेळा.

पण दोन मायक्रोफोन होते. एक अक्कांपुढं, एक पेटीपुढं. पेटी गप्प बसायची त्या जागेत पेटीच्या मायक्रोफोनमध्ये अक्कांचा खरा सूर लांबून, बारीक, ऐकू यायचा. इकडं सरळ सूर आणि मागून त्याची वाकडी सावली. ते लपवायला मी पुढची पेटी कापून त्या गप्प जागेत भरली. नऊ वेळा. मग कुणाला काही कळण्यासारखं राहिलं नाही. मी खूश झालो होतो. खरंच झालो होतो.

*

सीडी घ्यायला दोघंही आले. मी मोठ्या स्पीकरवर लावली. सहावं पद आलं, 'दार' आलं, आणि अक्कांनी वर बघितलं. परत आलं, परत बघितलं.

"हे मी न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुमीच की, अक्का."

"आवाज माझाच हाय. पर हे दार माझं न्हाई. माझं असं न्हाई उघडत." त्या अप्पांकडे वळल्या. "अन् तुमी कामून वाजवलं तिथं?"

अप्पा आपल्या बोटांकडे बघत होते. "मी तर उचलतो. कायम उचलतो."

"भाऊ, ह्याच्यात काही बदल केला का तुमी?"

या प्रश्नाला मी खरं उत्तर देऊ शकलो असतो. एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "न्हाई अक्का. ढेकर-खोकला काढतो, तेवढंच. मशीन जसं म्हनलं तसं घेतं. मशीन कशाला खोटं बोलंल?"

का म्हणालो, ते मी इतकी वर्षं उलटंसुलटं करून बघितलंय. काही हाताला लागत नाही.

अक्का पदर सारखा करून म्हणाल्या, "मग मीच चुकले असंल. एवढे दिवस चुकीचंच म्हनत होते का काय." आणि अप्पांना, हळू, "आईचं बी चुकलंच असंल मग."

जिन्यावरून उतरताना अप्पांनी माझ्याकडे एकदा वळून बघितलं. त्यांना कळलं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं, कळलं होतं आणि मला सांभाळून घेतलं. कधी वाटतं, नुसती पायरी बघत होते.

त्यानंतर सोमवारी भजनाला गेलेले लोक सांगायचे, अक्का आता मागं बसतात. 'दार' आलं की गप्प होतात. आणि अप्पा तिथं पेटी वाजवतात. सीडीत आहे तशी.

सहा-सात वर्षांनी अप्पा गेले. स्पीकर माझेच होते. त्या भागातल्या बऱ्याच घरांना मीच लावायचो. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. ओसरीवर अप्पांना बसवलेलं, कपाळावर विभूती, गळ्यात फुलं, मांडीवर बेल. पेटी बाजूला झाकून ठेवलेली. जंगमस्वामी म्हणाले, "अक्का, पद म्हना. मग उचलू."

अक्कांनी मान हलवली. "मला न्हाई येत ते नीट. माझं चुकतं." मग त्यांनी गर्दीत मला शोधलं. "भाऊ, ती सीडी लावा. त्याच्यात मी बरोबर म्हनलेलं हाय."

मी लावली.

सगळ्या ओसरीवर, रस्त्यावर, समोरच्या लिंबापर्यंत माझी सरळ केलेली ओळ गेली. नऊ वेळा. ती बाई नवऱ्याच्या पायाशी तोंड मिटून बसलेली आणि तिचा आवाज वर कर्ण्यातून येत होता, तिचा नसलेला. माझा हात आवाजाच्या खटक्यावर होता. मी तो बंद करू शकलो असतो. आवाज थोडा वाढवला.

घरी येऊन मी जेवलो, हे पण लिहितो. व्यवस्थित जेवलो. रडू कसलं ते आलं नाही. आणि आता एका सॉफ्टवेअरच्या हार घातलेल्या चित्रासमोर माझे डोळे भरून येतात. माणूस कशासाठी रडतो ते त्याला कळतं तरी का?

*

तीन दिवस राहिले तेव्हा मी 'बोरी – अक्का' उघडलं.

कांद्याच्या सालीचा गोल आला, पट्टी भरली, तिकडून हो आलं. पडद्यावर नऊ सरळ रेघा. पहिल्या रेघेवर खटका होता, बदल काढून टाकायचा. दाबला, आणि ती रेघ पट्टीवरून सुटून मधल्या फटीत जाऊन लोंबकळली. जशी कुणी सोडवायचीच वाट बघत होती.

ऐकलं.

मला ते बेसूर वाटलं. हे सगळ्यात वाईट. इतकी वर्षं मनात जे जपलं, ज्याच्यासाठी स्वतःला टोचत राहिलो, ते कानाला खटकलं. परत लावलं, परत खटकलं. चौथ्या की पाचव्या वेळी ते हळूच कानात शिरलं आणि मग सरळ सूर कसा होता हेच आठवेना. कुठलं खरं, मला सांगता येईना. मग मी अक्कांचा आवाज बंद केला, भरलेली पेटी काढून टाकली आणि नुसता पेटीचा मायक्रोफोन लावला. भात्याचा श्वास, पट्ट्यांचा खटखटाट. मग बोटं उचलली गेली. आणि त्या रिकाम्या जागेत, लांबून, अक्का. कबुतरंसुद्धा होती. ती मी काढली होती, ती परत आली होती.

उरलेल्या आठ रेघाही सोडवल्या आणि दोन्ही आवाज सुटे काढून फोनमध्ये घेतले. रफीकभाईंना कळवलं, "काढलं." त्यांनी लिहिलं, "सब?" मी लिहिलं, "एक."

दुसऱ्या दिवशी एसटीनं परभणी, तिथून जिंतूरच्या गाडीनं बोरी. पिशवीत छोटा स्पीकर. रस्ताभर मी एका प्रश्नाचं उत्तर जुळवत होतो आणि ते प्रत्येक थांब्याला उतरून जात होतं.

दुकान आता मुलगा चालवतो. अक्का ओसरीवर वाती वळत बसलेल्या, पायाशी कापसाचा पेळू. खूप वाळल्यात.

"कोण?"

"अक्का, मी मानवतचा. रेकॉर्डिंगवाला."

"अगं बाई! मशीनवाले भाऊ. या, या. अन् केस कुठं ठिवून आलात?"

सून चहा घेऊन आली. मी बशीत ओतला आणि पिण्याआधीच सांगितलं. "अक्का, मी तवा खोटं बोललो. ते 'दार' तुमी बरोबर म्हनलं होतं. मी मशीनवर सरळ केलं. अप्पांनी बी हात उचललाच होता. ती पेटी मी मागून भरली."

त्यांच्या मांडीवरचा हात वात वळतच राहिला. एक झाली, दुसरी घेतली.

"कामून?"

हाच तो प्रश्न. "माहीत न्हाई, अक्का."

"हां," त्या म्हणाल्या, जसं हे उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं.

सून गोंधळून म्हणाली, "पर आत्याबाई, आमी तर तसंच म्हनतो की. सरळच. सगळं गाव तसंच म्हनतं."

"मोबाईलवरून शिकल्यात ना तुमी. ह्यांच्याच सीडीवरून आलेलं." मग माझ्याकडे बघून, "म्हंजे मी खरी होते."

"हो."

"आई बी."

"हो."

वात थांबली. "मग त्या दिवशी मी म्हनलं असतं की, भाऊ. त्यांना उचलायच्या आधी."

मी बशीतला चहा परत कपात ओतला. सून कधी आत गेली कळलं नाही.

मग त्याच म्हणाल्या, "आनलंय का ते?"

मी सांगितलं, ते सॉफ्टवेअर दोन दिवसांत बंद होणार, म्हणून काढून आणलंय. अक्का पहिल्यांदा हसल्या, तोंडात दात थोडेच. "मशीन मेलं म्हना. मग आता कुनाच्या नावावर खोटं बोलायचं तुमी?"

स्पीकर ओसरीवर ठेवला. आधी त्यांचाच आवाज लावला. त्यांनी डोळे बारीक करून ऐकला, परक्या बाईचं ऐकावं तसा. 'दार' आल्यावर त्यांचे ओठ हलले. बारीक आवाजात म्हणून बघितलं. सूर निघाला आणि सरळ जाऊन पट्टीवर बसला. परत म्हटलं. परत तिथंच. त्यांनी गळ्याला हात लावला.

"न्हाई येत," त्या म्हणाल्या. "लय दिवस गप्प ठिवलं त्याला."

मग मी पेटीचा लावला. नुसता पेटीपुढचा. भाता वाजला तशा त्या ताठ बसल्या. पट्ट्या खटखटल्या. त्यांचा उजवा हात कापसावरून उठून ओसरीच्या फरशीवर आला, बोटं पसरलेली. 'आल्या पावली घे रे शिवा...' पेटी चालली होती, चालली होती, आणि थांबली.

त्या थांबलेल्या जागेत लांबून एका बाईचा आवाज आला. पेटीमागं बसलेल्या माणसाला जसा यायचा तसा.

फरशीवरची बोटं वर उचलली गेली होती.

"उचलला," अक्का म्हणाल्या. मला नव्हे. आतून सून बाहेर आलेली, तिलाही नव्हे. "बघ, उचलला त्यांनी."

पद संपलं. मागून कबुतरं घुमत राहिली, मग तीही संपली. मी बंद करायला हात पुढं केला तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हलका, कापसाचे तंतू चिकटलेला.

"माफ केलं असं काही म्हनणार न्हाई मी," त्या म्हणाल्या. "ते मला अजून कळंना झालंय. लावा परत. एवढा हात उचलू द्या त्यांना."

मी परत लावलं.